गुणोत्तर ४.९ आलं तर मुलांना काय सांगाल?



अकरावीच्या रसायनशास्त्रात एक छोटा भाग आहे. बहुतेक वर्गांत तो एका तासात उरकतो. संयुगात कोणतं मूलद्रव्य किती टक्के आहे ते दिलेलं असतं, आणि त्यावरून एम्पिरिकल फॉर्म्युला, म्हणजे अणूंच्या साध्यात साध्या प्रमाणाचं सूत्र काढायचं असतं. रीत मुलांना तोंडपाठ असते. टक्केवारीला अणुवस्तुमानाने भागायचं, आलेल्या आकड्यांपैकी सर्वांत लहान आकड्याने सगळ्यांना पुन्हा भागायचं, पूर्णांक करायचे, सूत्र लिहायचं. मार्क खिशात.

माझं म्हणणं एवढंच आहे की या रीतीतल्या ‘पूर्णांक करायचे’ या दोन शब्दांत सगळं रसायनशास्त्र बसलेलं आहे, आणि आपण नेमके तेच दोन शब्द सर्वांत घाईने शिकवतो.

नेहमीचं उदाहरण घ्या. कार्बन ४० टक्के, हायड्रोजन ६.६७, ऑक्सिजन ५३.३३. क्लासला जाणारी मुलं हे आकडे बघताच ‘सीएच२ओ’ म्हणून मोकळी होतात, पेन उचलायचीही गरज पडत नाही. भागाकार केला तर ३.३३, ६.६७, ३.३३ येतं, म्हणजे १ : २ : १. छान. पण हे आकडे कोणी मोजलेले नाहीत. कोणीतरी सूत्रावरून उलटे काढलेत आणि आपण ते मुलांकडून सुलटे करून घेतोय. यात प्रयोग कुठे आहे?

आता आपल्या परिसरातलं उदाहरण घेऊ. उल्हासनगर म्हटलं की जीन्स आठवते. शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आहे, तिथे लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा होतो. लगदा कॉस्टिक सोड्यात मुरवतात, त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया करतात, त्यातून मधासारखं दाट द्रावण तयार होतं आणि ते बारीक छिद्रांतून आम्लाच्या टाकीत सोडलं की धागा बाहेर येतो. जीन्सचा सुती धागा, लाकडाचा लगदा आणि रेयॉन ही तिन्ही मुळात एकच वस्तू आहे, सेल्युलोज. आन्सेल्म पायेन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये वेगवेगळ्या वनस्पतींच्या पेशींमधून हा पदार्थ वेगळा काढला आणि त्याचं विश्लेषण करून दाखवलं की वनस्पती वेगळ्या असल्या तरी पदार्थ तोच आहे.

हे विश्लेषण करतात कसं? पदार्थ ऑक्सिजनमध्ये जाळायचा, निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि निघालेलं पाणी शोषून घेऊन त्यांचं वजन करायचं. १८३१ मध्ये लीबिगने यासाठी काचेच्या पाच फुग्यांचं एक उपकरण केलं. फुग्यांत पोटॅशचं द्रावण असे, ज्वलनाआधी आणि नंतर ते उपकरण तोलायचं, वाढलेलं वजन म्हणजे कार्बन डायऑक्साइड. ऑक्सिजन मात्र या पद्धतीत कोणी मोजतच नाही! १०० मधून कार्बन आणि हायड्रोजन वजा करायचे, उरलं ते ऑक्सिजनच्या नावावर. म्हणजे बाकीच्यांच्या मोजणीतली चूकसुद्धा बिचाऱ्या ऑक्सिजनच्याच खात्यात जमा. हे वाक्य वर्गात एकदा सांगून बघा, मुलं टक्केवारीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात.

म्हणून गणित असं द्या. ०.१०० ग्रॅम पूर्ण कोरडा कापूस जाळला. ०.१६३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळाला आणि ०.०५५६ ग्रॅम पाणी. आता मुलांना स्वतःला विचार करावा लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या ४४ भागांत कार्बनचे १२, म्हणजे कार्बन ०.०४४५ ग्रॅम. पाण्याच्या १८ भागांत हायड्रोजनचे २, म्हणजे हायड्रोजन ०.००६२ ग्रॅम. उरला तो ऑक्सिजन, सुमारे ०.०४९३. अणुवस्तुमानांनी भागून लहानाने भागलं की कार्बन १.२, हायड्रोजन २, ऑक्सिजन १.

इथे मुलं काय करतात ते बघा. १.२ चं करतात १. उत्तर लिहितात सीएच२ओ. म्हणजे कापसाची साखर झाली! कारण सीएच२ओ हे ग्लुकोजचं एम्पिरिकल सूत्र आहे. (व्हिनेगरमधल्या ॲसेटिक ॲसिडचंही तेच, दह्यातल्या लॅक्टिक ॲसिडचंही तेच आणि फॉर्मल्डिहाइडचंही तेच. रेणूचं वस्तुमान कळल्याशिवाय त्यांच्यातला फरक कळत नाही, आणि म्हणून रेणुसूत्र ही वेगळी पायरी शिकवावी लागते.) कापसाचं गुणोत्तर मात्र पाचाने गुणलं पाहिजे. ६ : १० : ५, म्हणजे सी६एच१०ओ५. ग्लुकोजच्या एका रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून गेला आणि अशा कड्या एकमेकींत अडकल्या की कापूस होतो. साखर पाण्यात विरघळते आणि शर्ट धुतला तरी शर्टच राहतो, तो फरक त्या ०.२ मध्ये आहे. ‘०.५ आलं तर दोनाने गुणा, ०.३३ आलं तर तीनाने’ एवढंच फळ्यावर लिहून आपण पुढे गेलो तर ०.२ चं काय करायचं ते मुलाला कोण सांगणार?

पण खरी गंमत पुढे आहे. वरच्या गणितात मी ‘पूर्ण कोरडा’ कापूस म्हटलं. आपल्याकडे जुलैत पूर्ण कोरडं काय असतं? कापूस हवेतलं पाणी धरून ठेवतो. सुताच्या व्यापारातसुद्धा १०० भाग कोरड्या कापसामागे ८.५ भाग पाणी धरूनच हिशेब करतात. समजा, एखाद्या मुलीने कापूस न वाळवता तसाच जाळला आणि त्यात वजनाच्या ८ टक्के पाणी होतं. तिला कार्बन मिळेल ४०.९ टक्के, हायड्रोजन ६.६ आणि उरलेला ५२.५ ऑक्सिजन. गुणोत्तर काढा. १.०४ : २ : १. चकचकीत पूर्णांक! तिची मोजणी अचूक आहे, भागाकार बरोबर आहे, आकडे अगदी पुस्तकासारखे आले आहेत आणि उत्तर चूक आहे. सेल्युलोजच्या प्रत्येक कडीला पाण्याचा एकेक रेणू मिळाला तर बेरीज ग्लुकोजचीच होते, आणि त्यासाठी पाणी लागतं फक्त १० टक्के. ओला कापूस विश्लेषणात साखरेचं सोंग घेतो.

पूर्णांक आले म्हणजे उत्तर बरोबर, असं मुलांच्या मनात आपणच पक्कं बसवलेलं असतं. म्हणून हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं.

आता उलट बाजू, म्हणजे आकडे वेडेवाकडे पण काम खरं. हा प्रयोग शाळेत सहज होतो. मोरचूद घ्या, २.५० ग्रॅम. चिनी मातीच्या मुशीत मंद आचेवर तापवा. निळा रंग जातो, पांढरी भुकटी उरते, कारण स्फटिकातलं पाणी निघून जातं. पाणी किती गेलं आणि कोरडं कॉपर सल्फेट किती उरलं यावरून एका कॉपर सल्फेटमागे पाण्याचे रेणू किती ते काढायचं. (पालकांना विनंती, हा प्रयोग घरी गॅसवर नको आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तर मुळीच नको. मोरचूद विषारी आहे. शाळेत, डोळ्यांवर चष्मा लावून, शिक्षकांसमोर.)

समजा, पहिल्यांदा तापवून, थंड करून तोललं तर १.६६ ग्रॅम उरलं. पाणी गेलं ०.८४. पाण्याचे मोल ०.८४ भागिले १८, कॉपर सल्फेटचे १.६६ भागिले १५९.५. गुणोत्तर साडेचार. ना चार, ना पाच. पुन्हा तापवलं, १.६३. गुणोत्तर ४.७. पुन्हा तापवलं, १.६१. गुणोत्तर ४.९. आणखी एकदा तापवलं, तरी १.६१ च. आता वजन स्थिर झालं, थांबायचं. शंभरांश ग्रॅमपर्यंत तोलणाऱ्या काट्यावर शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे झाला तर हे गुणोत्तर ०.०८ ते ०.०९ ने हलतं, म्हणजे ४.९ आणि ५ यांत एका आकड्याएवढंच अंतर आहे. म्हणून ५ म्हणायचा आपल्याला हक्क आहे. साडेचार असताना तो नव्हता. पूर्णांक करायचा हक्क काट्याकडून मिळतो, पुस्तकातल्या उत्तराकडून नाही.

आणि एखाद्या गटाने आच वाढवली, भुकटी तपकिरी-काळपट झाली, तर पाण्याच्या पाठोपाठ गंधकाचे ऑक्साइडही उडायला लागतात. वजन १.५८ वर येतं आणि गुणोत्तर ५.२ निघतं. आकडा जास्त आला तर मुलांना ‘चुकलं’ म्हणून सोडून देऊ नका, मुशीत काय दिसलं ते विचारा. रंग उत्तर देतो.

याहून मला आवडणारी अडचण वेगळीच आहे. समजा तुमच्याकडे ओव्हन आहे आणि तुम्ही १२० अंशांवर मोरचूद ठेवलं. पाण्याचे चार रेणू सुमारे ११० अंशांपर्यंत निघून जातात, पाचवा फार चिवट असतो, त्याला २०० च्या वर तापमान लागतं. त्यामुळे वजन १.७८ ग्रॅमवर येऊन थांबतं. स्थिर झालं! मुलं खूश. गणित केलं तर गुणोत्तर ३.६. आता काय? चार रेणू गेले तर ४ यायला हवं होतं ना? पण गणित करताना आपण धरून चाललो की उरलेली भुकटी संपूर्ण कोरडी आहे, तिचं रेणुवस्तुमान १५९.५ आहे. प्रत्यक्षात तिच्यात पाण्याचा एक रेणू अजून आहे, म्हणजे १७७.५ धरायला हवं. तेवढं बदललं की गुणोत्तर बरोबर ४ येतं. आकडा खरा होता, आपलं गृहीतक खोटं होतं. दहावीतल्या हुशार मुलांनाही हे समजतं, फक्त ३.६ ला ‘अंदाजे ४’ म्हणून आपण त्यांचा रस्ता बंद करायचा नाही.

डाल्टनचीही अशीच गोष्ट आहे, म्हटलं तर. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं वजनी प्रमाण १ : ८ असतं हे आपण नववीत ‘द्रव्याचे मोजमाप’मध्ये शिकवतो. डाल्टनकडे याच्या जवळपासचे आकडे होते, पण एकास एक अणू असं धरल्यामुळे त्याने पाण्याचं सूत्र एचओ मानलं. वजनाचं प्रमाण प्रयोगातून येतं, अणूंचं प्रमाण काढायला अणुवस्तुमान आधी माहीत असावं लागतं. तो गोंधळ सुटायला १८६० च्या कार्ल्सरूहेच्या परिषदेपर्यंत आणि कॅनिझारोपर्यंत थांबावं लागलं. आपण मुलांना अणुवस्तुमानांचा तक्ता आयता देतो, तेव्हा ही पन्नास वर्षं आपण गाळलेली असतात.

आणखी एक, जीन्सच्या निळ्या रंगाचं. इंडिगो. कार्बन ७३.३ टक्के, हायड्रोजन ३.८, नायट्रोजन १०.७, ऑक्सिजन १२.२. गुणोत्तर ८ : ५ : १ : १, सूत्राचं वस्तुमान १३१. रेणूचं वस्तुमान २६२, म्हणजे सगळं दुप्पट. गणित सोपं आहे. पण मुलांना असं विचारा की विश्लेषणात ०.४ टक्क्याची चूक झाली तर? (शोधनिबंधांत एवढा फरक चालवून घेण्याचा प्रघात आहे.) कार्बनमध्ये तेवढी चूक झाली तर अणूंची संख्या जेमतेम ०.०४ ने हलते. हायड्रोजनमध्ये झाली तर अर्ध्या अणूने! साडेचार की साडेपाच, काही सांगता येत नाही. हायड्रोजन हलका असतो म्हणून टक्केवारीत तो कोपऱ्यात बसलेला दिसतो आणि सूत्रात मात्र त्याचा आवाज सर्वांत मोठा. ‘कोणता आकडा किती भरवशाचा’ हा प्रश्न दोन दशांशस्थळांच्या भागाकारात कधी येत नाही.

२०१९ पासूनच्या आपल्या राज्य मंडळाच्या अकरावीच्या पुस्तकात एक गोष्ट चांगली झाली होती. दुसऱ्याच प्रकरणात अचूकता, सापेक्ष त्रुटी, सार्थ अंक हे सगळं येतं आणि त्याच प्रकरणात पुढे टक्केवारीवरून सूत्र काढणं येतं. पुस्तक लिहिणाऱ्यांनी शेजार मुद्दाम निवडला असावा. पण वर्गात ते दोन वेगळे धडे होतात. त्रुटीची गणितं वेगळी, सूत्राची वेगळी. सूत्राच्या गणितात त्रुटी कधी विचारतच नाहीत. परीक्षा तशी आहे हे मान्य. सीईटीला, नीटला एका प्रश्नाला मिनिटभर मिळतो, तिथे कोण काट्याचा विचार करणार? त्यासाठीची झटपट रीत शिकवायलाच हवी, मी तिच्या विरोधात नाही. पण मुलाने वर्षभरात एकदा तरी न जुळणारा आकडा बघितलेला असावा, आणि त्याबद्दल कोणी रागावलेलं नसावं.

कारण प्रॅक्टिकलच्या तासाला काय चालतं ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्या बाकावरच्या हुशार मुलाचं रीडिंग सगळ्या वर्गात फिरतं. उत्तर आधी माहीत असतं, मग त्यावरून उलट रीडिंग ‘बसवलं’ जातं. जर्नल स्वच्छ, सह्या पूर्ण. पालकहो, तुमच्या मुलाच्या जर्नलमध्ये एकही खाडाखोड नसेल तर कौतुक करण्याआधी थोडं थांबा.

हे मी इतकं लावून का धरते? मी जिथे शिकवते तिथून आनंदनगरची एमआयडीसी लांब नाही. अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्र. औषधांचे, रंगांचे, रसायनांचे कारखाने. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरमधली कितीतरी मुलं बीएस्सी केमिस्ट्री करून पहिली नोकरी अशाच कारखान्यातल्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये करतात. तिथे त्यांचं काम काय असतं? नमुना तोलायचा, वाळवायचा, पुन्हा तोलायचा. ‘लॉस ऑन ड्राइंग’ किती, पाणी किती, शुद्धता किती, ते लिहायचं आणि खाली सही करायची. त्या सहीवर माल पुढे जातो. म्हणजे वर सांगितलेला मोरचुदाचाच प्रयोग, फक्त मुशीत मोरचूद नसतं.

घरात अमॉक्सिसिलिनची पट्टी असेल तर ती वाचून बघा. ‘अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट, अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ. इतके’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं. ट्रायहायड्रेट म्हणजे औषधाच्या एका रेणूबरोबर पाण्याचे तीन. कोरड्या औषधाचं रेणुवस्तुमान सुमारे ३६५, पाण्यासकट ४१९. म्हणून कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम औषध जायला हवं असेल तर पावडर सुमारे ५७४ मिलिग्रॅम भरावी लागते. पावडरमध्ये पाणी जवळजवळ १३ टक्के. हे पाणी कमी-जास्त भरलं तर कॅप्सूलचं वजन तेच राहील आणि औषध बदलेल. कोणाचं तरी तापाने फणफणलेलं पोर ती कॅप्सूल घेणार असतं. लॅबमध्ये बसलेल्या पोराला रात्रपाळीत, गाडी उभी असताना, वरिष्ठ घाई करत असताना आकडा जरा बाहेर आला, तर त्याने पुन्हा नमुना घ्यायचा की रीडिंग बसवायचं? ती सवय त्याला नोकरी लागल्यावर लागत नाही. ती आपल्याकडे, अकरावीच्या टेबलाशी लागते.

मग करायचं काय? फार काही नाही. सूत्र आधी सांगू नका. ‘मोरचुदात पाण्याचे पाच रेणू असतात, चला सिद्ध करू’ म्हटलं की सगळ्या गटांना पाचच मिळतात, हा माझा अनुभव आहे. त्याऐवजी फक्त ‘किती असतील?’ म्हणा. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर लिहा, कोणी लिहिलेत त्या नावांशिवाय. ४.५, ४.७, ५.२, ३.६. मग वर्गाला भांडू द्या. कोणाचं तापवायचं राहिलं, कोणाचं जळलं, कोणी मूस गरम असतानाच तोलली (गरम मुशीभोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी दिसतं, हेही मुलं शोधून काढतात). काटा एकच असेल तर रांग लागते, तास पुरत नाही, ही अडचण खरी आहे. दोन तास जोडून घ्यावे लागतात आणि त्यासाठी मुख्याध्यापकांशी बोलावं लागतं. प्रयोगशाळाच नसेल तर वर दिलेली वजनं जशीच्या तशी वर्गात द्या. टक्केवारी करून देऊ नका.

आणि मार्क कशाला द्यायचे, ते आधीच जाहीर करा. मी असं करते: उत्तर ५ आलं की नाही याला शून्य मार्क. पहिलं रीडिंग न खोडता ठेवलं, वजन स्थिर होईपर्यंत तापवलं, आणि आलेला आकडा ५ पेक्षा वेगळा असेल तर का, याचं एक तरी पटण्यासारखं कारण लिहिलं, याला सगळे मार्क. पहिल्या वर्षी काही पालकांनी विचारलं, ‘बाई, उत्तर चुकलं तरी पूर्ण मार्क कसे?’ त्यांना मी वही उघडून दाखवली. चार रीडिंगं, शेवटची दोन सारखी, खाली गुणोत्तर ४.८ आणि त्यापुढे मुलीच्या अक्षरात एक ओळ, ‘मुशीला चिमट्याची काजळी लागली होती, ती पण तोलली गेली असावी.’